ठिपका तारा आहे की कॅमेऱ्याचा दोष?



दोन हिवाळ्यांपूर्वी गावच्या घराच्या गच्चीवरून मी मृग नक्षत्राचे फोटो काढले. कॅमेरा जुना डीएसएलआर, सेकंडहँड घेतलेला. फोटो मोठा करून पाहिला, तर काळ्या आकाशात लाल-निळे ठिपके. दुरुस्तीच्या दुकानात गेले. "सेन्सर गेला, नवीन कॅमेरा घ्या," असं उत्तर मिळालं. अम्मी म्हणाली, "नजर लागली असेल. रात्रीबेरात्री आभाळाखाली बसतेस कशाला?" कॅमेरा मात्र दोघांपैकी कुणीच तपासला नव्हता.

मग मी तपासला. लेन्सला झाकण लावलं, आयएसओ आणि एक्स्पोजरची वेळ आदल्या रात्रीइतकीच ठेवली आणि फोटो काढला. आत प्रकाश जाणार नव्हता, तरी ठिपके आले, तेही त्याच जागी. म्हणजे ते आकाशातले नव्हते, लेन्सवरचेही नव्हते. ते सेन्सरचे होते. पण सेन्सर 'गेला' असंही नव्हतं. लांब एक्स्पोजरमध्ये सेन्सर तापतो आणि काही पिक्सेल प्रकाशाशिवायच उजळतात. त्यांना हॉट पिक्सेल म्हणतात. थोडेफार तर बहुतेक कॅमेऱ्यांत असतात. उपाय सोपा आहे. फोटो काढून झाले की तिथेच, तितक्याच थंडीत, झाकण लावून दहा-वीस फोटो काढायचे. हे डार्क फ्रेम. डीपस्कायस्टॅकरसारखं मोफत सॉफ्टवेअर ते मूळ फोटोंतून वजा करतं. माझे ठिपके गेले आणि नव्या कॅमेऱ्याचे पैसे वाचले.

यातून मी एक नियम घेतला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कॅमेरा एरर दाखवतो? आधी बॅटरी काढून पुन्हा घाला. मग दुसरं कार्ड, मग दुसरी लेन्स. सगळं एकदम बदललंत, तर दोष कुठे होता ते कधीच कळणार नाही. सेन्सरवर धूळ आहे का, हे पाहायला एफ/16 ठेवून कोऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. धुळीचे धूसर काळे डाग दिसतील. हातपंपाच्या ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते.

आता जपणुकीचं. पहाटे तारे अंधुक दिसू लागले, तर फोकसला हात लावण्याआधी लेन्सवर दव पडलंय का ते बघा. सारखं पुसल्याने काचेवर ओरखडे येतात. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती बांधली की दव जमत नाही. गार झालेला कॅमेरा तसाच उबदार घरात आणू नका. बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि तो घराच्या तापमानाला आला की उघडा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी खिशात ठेवा. कोकणच्या आणि मुंबईच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये कोंडू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

आणि ईदच्या चंद्राचं. चंद्रकोर सूर्याच्या जवळच असते. लांब पल्ल्याची लेन्स तिकडे वळवायची घाई करू नका. सूर्य पूर्ण मावळू द्या. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्य थेट डोळ्यात येतो. कॅमेरा दुरुस्त होईल, डोळा होणार नाही.

हे सगळं आपल्याला परकं नाही. रोहिणीचं इंग्रजी नाव अल्डेबरन हे अरबी 'अल-दबरान'वरून आलं. अर्थ 'मागून येणारा', कारण ती कृत्तिकांच्या मागून उगवते. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथमने अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर प्रयोग केले. टॉलेमीसारख्या थोर ज्योतिर्विदाच्या म्हणण्यावरही शंका घेणारा ग्रंथ त्याने लिहिला. मोठ्या माणसाने सांगितलं, एवढं त्याला पुरेसं नव्हतं. आपल्यालाही पुरेसं वाटू नये, मग सांगणारा दुकानदार असो की घरातलं कुणी.

अम्मी अजून दुआ पुटपुटतेच. पण परवा मोबाइलचा कॅमेरा बिघडला, तेव्हा तीच म्हणाली, "आधी झाकण लावून बघ ना!"