भानोले आणि वाटे



वर्धापनदिनी प्रत्येकीने आपल्या घरचा एक पदार्थ सांगावा, असे ठरले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण मला येत नाही, भानोले येते. म्हणून तेच सांगते.

भानोले हा आम्हा मुंबईच्या पाठारे प्रभूंचा पदार्थ. भाजून केलेल्या जाड वड्या म्हटले की कल्पना येईल. पूर्वी शेगडीवर टोप ठेवून झाकणावर निखारे घालीत. वरखाली मंद विस्तव. आता ओव्हन आहे. माझी पुतणी अमेरिकेत असते. तिकडे पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला हॅम लोफ करतात, असे ती सांगते. डुकराचे खारवलेले मांस वाटून त्यात पावाचा चुरा, अंडी, दूध घालायचे आणि लादी भाजायची. म्हणजे थोडे मांस आणि माणसे पुष्कळ, ही अडचण तिथल्या बायकांनाही होतीच म्हणायची!

आता माप. सोललेली कोलंबी पाव किलो. सालासकट घ्याल तर अर्धा किलो लागते. पाठीचा काळा दोरा काढलाच पाहिजे, त्यात आळस नको. मीठ-हळद लावून ठेवावी. अर्धा किलो कोबी अगदी बारीक चिरावा, तीन कांदे, मूठभर कोथिंबीर, पाच-सहा हिरव्या मिरच्या, आले-लसूण वाटून. दोन चमचे आमचा सांबार मसाला. दक्षिणेकडच्या सांबाराशी त्याचे नाते नाही. यात भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ आणि हिंग असतो. नसेल तर घरचा मसाला आणि चिमूटभर हिंग घाला, चव थोडी निराळी येईल इतकेच.

कोबी-कांद्याला मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे. जे पाणी सुटेल तेवढ्यातच डाळीचे पीठ भिजवायचे, वरून थेंबही नाही. पीठ वाटी-सव्वा वाटी पुरते. जास्त घातले की भानोले न होता पिठाचा धोंडा होतो. तेल मात्र अर्धी वाटी हवेच. हात आखडला की कोरडे होते. डब्याला तेल लावून मिश्रण दोन बोटे जाड थापावे, थोडी कोलंबी वर मांडावी. तापलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर चाळीस मिनिटे. कडा सुटल्या, सुरी कोरडी निघाली की झाले. ओव्हन नसेल तर जाड बुडाचा टोप तव्यावर ठेवून, झाकण घालून मंद आचेवर अर्धा तास, मग ताटात उलटून दुसरी बाजू. पावसाळ्यात सोडे भिजवून घालावेत. खिम्याचेही होते, पण खिमा आधी शिजवून पुरता कोरडा करून घ्यावा. ज्यांना चालत नाही त्यांनी नुसत्या कोबीचे करावे.

पूर्ण निवल्याशिवाय कापू नये. आठ इंची डब्यात सोळा वड्या पडतात.

या सोळा वड्यांसाठीच मी हा पदार्थ निवडला. 1910 च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधरांनी 'गृहिणीमित्र' लिहिले, त्यात हजार पाकक्रिया. माप, कृती सगळे पुस्तकांतून मिळते. पण केलेले कोणाच्या पानात किती जाते, ते पुस्तकात सापडायचे नाही. पाव किलो कोलंबीचे कालवण केले की कोलंबी पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात जाते. मागाहून बसणारीला भात आणि रस्सा. माझ्या आईला कोलंबी फार आवडे, आणि तिच्या पानात मी ती क्वचितच पाहिली. कोणी मुद्दाम केले असे नव्हे. पळी फिरत फिरत तिच्यापर्यंत येई तेव्हा भांड्यात काही उरलेले नसे, आणि भांड्यात डोकावून कोणी पाहतही नसे.

भानोल्याला पळी नाही, सुरी आहे. घरात आठ माणसे, वड्या सोळा; लहान मुलालाही हिशेब कळतो. सासूबाई कापल्याबरोबर आपल्या दोन वड्या ताटलीत काढून झाकून ठेवीत, आणि मोठ्याने सांगत, "या माझ्या." पाहुणे असले तरी. नवी सून म्हणून आले तेव्हा मला ते कसेसेच वाटे. पुढे त्यांनी ताटलीत चार ठेवायला सुरुवात केली. दोन माझ्या.

आपल्यात काहीजणींना हे हावरेपणाचे वाटेल. वाटू द्या. नऊ तास उभे राहून रांधणारीने उरले-सुरले खावे, यात मला तरी मोठेपणा दिसत नाही. आणि मुली ते बघत असतात.

आज दोन डबे भरून आणले आहेत. एक कोलंबीचे, एक नुसत्या कोबीचे; सुऱ्याही वेगळ्या ठेवल्या आहेत. एकेकीला दोन वड्या येतील, मी मोजून आणल्या आहेत. मुलांसाठी म्हणून रुमालात बांधून नेऊ नका. इथेच बसून खा.