पोटातल्या दोन पिशव्या

आज आपण लघवीच्या पिशवीविषयी बोलणार आहोत. घरात सासरे, दीर बसलेले असतील तर कुणी पटकन रेडिओचा आवाज कमी करेल. करा कमी, पण बंद करू नका.

आपल्या बीड जिल्ह्यात नुसतं 'पिशवी' म्हटलं, की बाईच्या डोळ्यांसमोर एकच येते, गर्भाची. "तिची पिशवी काढली" हे वाक्य चकलांब्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2019 साली आरोग्य विभागाने जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी केली. सुमारे 82 हजार बायांमध्ये 13 हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी जणींना "काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती घातली गेली होती.

ओटीपोटात आणखी एक पिशवी असते. गर्भपिशवीच्या पुढे, समोरच्या हाडाच्या मागे लघवीची पिशवी बसलेली असते. डॉक्टर तिला मूत्राशय म्हणतात. दोन्ही पिशव्यांच्या वाटा बाहेर इतक्या जवळ उघडतात, की कपड्यावर लाल डाग दिसला तर तो कुठून आला हे बाईला कळतच नाही. पाळी असेल, अंगावरून जात असेल, असं म्हणून आपण गप्प बसतो. पुरुषाला लघवीत रक्त दिसलं तर तो घाबरतो, कारण त्याच्याकडे रक्त यायला दुसरं कारणच नसतं. हा कॅन्सर बायांपेक्षा पुरुषांत तीन-चार पट जास्त दिसतो. तरी बायांमध्ये तो बऱ्याचदा उशिरा सापडतो, आणि उशिराचं एक मोठं कारण हे आहे.

म्हणून आमचं पहिलं सांगणं त्या मावश्यांना, ज्यांची पाळी बंद झाली आहे किंवा गर्भपिशवी काढली आहे. तुम्हाला आता पाळी येणार नाही. मग लाल दिसलं, एकदा दिसलं आणि आपोआप थांबलं, दुखलं नाही, जळजळलं नाही, तरी ते दाखवायचं. या आजाराचं रक्त बहुतेक वेळा न दुखताच येतं. येतं, महिना-दोन महिने थांबतं, परत येतं. थांबलं म्हणजे बरं झालं असं आपण धरतो आणि तिथेच वेळ जातो.

लघवीत रक्त म्हणजे कॅन्सरच, असं मात्र मुळीच नाही. मुतखड्याने येतं, जंतुसंसर्गाने येतं. बीट खाल्लं तरी लघवी लालसर होते, टीबीच्या गोळ्या चालू असल्या तरी होते. उसाच्या फडात आडोसा नसतो. बाई दिवसभर पाणी कमी पिते, लघवी दाबून धरते, मग उन्हाळी लागते. धन्या-जिऱ्याचं पाणी घेतलं, दुकानातून चार गोळ्या आणल्या, की बरं वाटतं. उन्हाळी हा कॅन्सर नव्हे. पण दरवेळी "उन्हाळीच असेल" म्हणून गोळ्या घेत राहिलं, की मागे लपलेली गाठ तशीच वाढत राहते. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्या. जंतू गेले आणि रक्त राहिलं, तर पुढची तपासणी करायलाच हवी.

आता ही गाठ होते कशी ते पाहू. या कॅन्सरचं सगळ्यात मोठं ओळखीचं कारण धूर आहे, विडी-सिगारेटचा. धूर छातीत जातो, मग लघवीच्या पिशवीचा काय संबंध? धुरातली विषारी द्रव्यं रक्तात मिसळतात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात, आणि लघवी तासन् तास पिशवीत साठून राहते. त्या वेळात विष पिशवीच्या अस्तराला लागून असतं. कापड रंगवण्याचे रंग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना हा आजार जास्त होतो, हे जर्मनीतल्या रेन नावाच्या डॉक्टरांनी 1895 सालीच दाखवलं होतं. त्या रंगांतल्या विषाची भावंडं विडीच्या धुरात असतात. मिश्रीचा सगळ्यात मोठा घाव तोंडावर बसतो, म्हणून तिच्याविषयी वेगळं बोलावं लागेल. आज विडी ओढणाऱ्या घरधन्याला, सासऱ्यांना हा भाग ऐकवा.

विष अस्तराला लागतं तेव्हा आत काय बिघडतं? आपल्या प्रत्येक पेशीत शरीर कसं चालवायचं याची लांबलचक लिखापढी असते. तिच्या एकेका कलमाला जनुक म्हणतात. आता ऐका, ही गोष्ट आम्हाला फार विलक्षण वाटली. स्वीडनमधल्या 81 वर्षांच्या एका आजीच्या लघवीच्या पिशवीतल्या गाठीच्या पेशी 1970 च्या सुमारास प्रयोगशाळेत वाढवायला घेतल्या गेल्या. 1982 साली अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांनी पिशवीच्या कॅन्सरच्या या पेशींतून माणसाच्या शरीरातलं कॅन्सर करणारं पहिलं जनुक शोधून काढलं. आणि बिघाड केवढा? हजारो अक्षरांच्या मजकुरात एक अक्षर बदललेलं. आधार कार्डावर नावातलं एक अक्षर चुकलं, की गटाचं कर्ज कसं अडतं हे आपल्याला माहीत आहे. इथे चुकलेल्या अक्षराने उलटं केलं, जे थांबायला हवं होतं ते थांबूच दिलं नाही. ते जनुक पेशीच्या वाढीचं बटण आहे. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटला, की विहीर उपसली तरी मोटार चालूच राहते. तशी पेशी वाढतच राहते.

पुढे अशी आणखी बटणं सापडली. एफजीएफआर-3 नावाचं एक पिशवीच्या अस्तरावरच्या, वरवरच्या गाठींत फार वेळा बिघडलेलं दिसतं. कुठलं बटण चिकटलंय हे कळलं, की तेवढंच दाबून बंद करणारं औषध शोधता येतं. एर्डाफिटिनिब ही अशी गोळी. 2019 साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. ती पसरलेल्या आजारात देतात, आणि गाठीचा तुकडा तपासून जिच्यात हे बटण बिघडलेलं निघेल तिलाच. पसरलेल्या आजारात असा रुग्ण साधारण पाच-सहांत एखादा. दुसरी युक्ती वेगळी आहे. या कॅन्सरच्या पेशीच्या अंगावर नेक्टिन-4 नावाची खूण भरपूर असते. ती खूण ओळखून तिथेच विष पोहोचवणारं एन्फोर्टुमॅब वेडोटिन नावाचं इंजेक्शन आलं. आपली प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या एका औषधासोबत ते दिलं, तेव्हा काय झालं याचे निकाल 2023 साली आले. जुन्या केमोथेरपीवर निम्मे रुग्ण सोळा महिन्यांच्या पुढे जगले होते, या जोडीवर निम्मे रुग्ण साडेएकतीस महिन्यांच्या पुढे. पसरलेल्या आजारात हा फरक लहान नाही. पण ही औषधं भयंकर महाग आहेत. साऱ्या गटाची वर्षभराची बचत एकत्र केली तरी पुरणार नाही. म्हणून आमचा जीव लवकरच्या उपचारावर जास्त आहे.

लवकरचा उपचार तुमच्या ओळखीचा आहे. बाळ जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचतात ती बीसीजी. फ्रान्समधल्या काल्मेत आणि गेरँ या दोघांनी गाईच्या टीबीचा जंतू तेरा वर्षं वाढवत वाढवत दुबळा केला, आणि 1921 मध्ये ती लस पहिल्यांदा बाळाला दिली. कॅनडातल्या मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी 1976 साली दाखवलं, की हाच जंतू लघवीच्या पिशवीत सोडला तर गाठ परत येण्याचं प्रमाण कमी होतं. गाठ अजून पिशवीच्या स्नायूत शिरलेली नसेल तेव्हाच हा उपचार चालतो. आधी दुर्बिणीने, पोटावर चीर न देता, गाठ खरवडून काढतात. मग ज्यांना परत होण्याचा धोका जास्त, त्यांना बारीक नळीने औषध पिशवीत सोडतात. दोन तास धरून ठेवायचं, मग लघवी करायची. आठवड्यातून एकदा, असे सहा आठवडे. पुढे डॉक्टर सांगतील तसे आणखी डोस. जंतू आत गेल्यावर शरीराचे पहारेकरी धावून येतात आणि त्या गर्दीत कॅन्सरच्या पेशीही त्यांच्या हाती लागतात.

हे औषध पुण्यात बनतं, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जगात या औषधाचा वारंवार तुटवडा पडतो, मोठ्या मोठ्या देशांतले रुग्ण खोळंबतात. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत जनुकं बदलून बीसीजीचा एक सुधारलेला जंतू तयार झाला, त्याच्यावरचं कामही सीरमनेच पुढे नेलं. नेहमीच्या बीसीजीनंतरही गाठ परत आलेल्या चाळीसेक रुग्णांवर युरोपात तो वापरून पाहिला, तर जवळपास निम्म्यांच्या पिशवीत साठ आठवड्यांनंतरही गाठ परत आलेली नव्हती.

गाठ स्नायूत शिरली तर पुष्कळदा सगळी लघवीची पिशवी काढावी लागते आणि लघवीला पोटावर नवी वाट करून द्यावी लागते. आपल्या जिल्ह्याने एक पिशवी फार सहज काढू दिली. ही दुसरी वाचवता येते, पण त्यासाठी लवकर जावं लागतं.

जायचं कुठे? आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी. आशाताईला सोबत घ्या. मग बीडच्या जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी. सोनोग्राफीत लहान गाठ निसटू शकते, म्हणून "सोनोग्राफी चांगली आहे, पण रक्त परत दिसलं, दुर्बिणीने बघायचं का?" असं आपण होऊन विचारा. पुढे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईला परळचं टाटा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा, दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

डॉक्टरांसमोर लाजून "अंगावरून जातंय" म्हणू नका. "लघवीतून रक्त जातंय" असं म्हणा. कळत नसेल तर आधी स्वच्छ पांढरा कापूस मायांगाच्या वाटेवर धरून मग भांड्यात लघवी करा. कापूस कोरा आणि लघवी लाल, तर हेच डॉक्टरांना सांगा. गर्भपिशवी काढली असेल तर त्या ऑपरेशनचे कागद सोबत न्या. कागद फडावर हरवले असतील तर कुठल्या साली, कुठल्या गावी काढली एवढं तरी घरच्या कुणाकडून लिहून घ्या, आणि कार्डासोबत पिशवीत ठेवा. ही तिसरी पिशवी, कापडाची.