पीएच.डी.च्या वाटेवरील विद्यार्थ्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी हितगुज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या मंडळातील कित्येक घरांतील मुलेमुली आज एम.ए., एम.एस्सी. होऊन पीएच.डी.च्या उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांना मार्गदर्शनपर चार शब्द सांगावेत, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. मी स्वतः बी.ए.च्या पुढे गेलेलो नाही. तेव्हा संशोधन कसे करावे हे मी सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने काठावरून सूचना देण्यासारखे होईल. परंतु सरकारी नोकरीत नियम वाचण्याची आणि त्यांचे परिणाम पाहण्याची सवय जडते. पुष्कळ विद्यार्थी अडतात ते बुद्धीच्या अभावी नव्हे. नियम, वेळ, पैसा आणि माणसे या चार गोष्टींचा अंदाज चुकल्यामुळे अडतात. त्या चार गोष्टींविषयीच मी बोलणार आहे.

आरंभी एक प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा : ही पदवी मला कशासाठी हवी? विद्वत्ता आणि पदवी या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. इतिहासाचार्य राजवाडे बी.ए. होते, तरी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी प्रसिद्ध केले. महामहोपाध्याय काणे यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात सिद्ध केले. मात्र ज्याला विद्यापीठात वा संशोधनसंस्थेत आयुष्य घालवावयाचे आहे, त्याला ही पदवी टाळता येत नाही. उलट, केवळ महाविद्यालयात नोकरी मिळावी एवढाच हेतू असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ च्या जुलैपासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता ठरवून पीएच.डी. ऐच्छिक केली, हे ध्यानात असावे. ‘आता दुसरे काही सुचत नाही म्हणून’ किंवा ‘नावामागे डॉक्टर लागावे म्हणून’ जो या वाटेला लागतो, त्याचा उत्साह दुसऱ्या वर्षीच ओसरतो.

एम.ए.पर्यंत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो आणि त्याचे उत्तर कोणाला तरी ठाऊक असते. पीएच.डी.त प्रश्नही आपणच शोधावयाचा आणि त्याचे उत्तर तोवर कोणापाशीच नसते. हा फरक उमगेपर्यंत हुशार विद्यार्थीही गोंधळतो. म्हणून विषय निवडताना त्याची कुंपणे आधी घालावीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला प्रबंध पाहा. भारताचे अर्थकारण असा अफाट विषय त्यांनी घेतला नाही. ब्रिटिश अमदानीत मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांचे आर्थिक संबंध कसे उत्क्रांत झाले, एवढाच प्रश्न घेतला. तो प्रबंध १९२५ साली पुस्तकरूपाने निघाला आणि १९२७ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. विषय आटोपशीर होता, म्हणूनच तो खोलवर जाऊ शकला. आपला विषय दोन वाक्यांत घरातील आईला समजावून सांगता येत नसेल, तर तो अद्याप पक्का झालेला नाही असे समजावे.

दुसरी कसोटी साधनांची. कागदपत्रे, उपकरणे, नमुने किंवा माणसे, जे काही लागणार ते हाताशी येण्याजोगे आहे काय, याची खात्री नोंदणीपूर्वीच करून घ्यावी. या बाबतीत परप्रांतीय मराठी विद्यार्थी एका दृष्टीने भाग्यवान आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत; दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनी सरकारच्या काळापासूनची दफ्तरे आहेत; ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे ही तर मराठी राज्यांचीच स्थाने. तेथे वाढलेल्या मुलाला स्थानिक भाषा येते आणि घरात मराठी असते. त्याने सहा महिने खर्चून मोडी लिपी शिकून घेतली, तर इतरांना बंद असलेली दारे त्याला उघडी होतील. मराठी ही केवळ सणावारी बोलावयाची भाषा न राहता उपजीविकेचे साधनही होऊ शकते, ते असे.

तिसरी गोष्ट मार्गदर्शकाची. मोठ्या नावाला भुलून जाऊ नये. २०२२ च्या विनियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थ्यांपर्यंतच मार्गदर्शन करता येते. आणि ज्यांच्या निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरला आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. हे आकडे विचारून घेण्यात उद्धटपणा नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या हाताखालच्या दोन विद्यार्थ्यांना एकान्तात भेटावे आणि तीन प्रश्न विचारावेत : सर किंवा बाई लिहिलेले प्रकरण किती दिवसांत वाचून परत देतात? मतभेद झाला तर ऐकून घेतात काय? आजवर किती जण पदवी घेऊन बाहेर पडले?

मतभेदाचा प्रश्न लहान नाही. इरावतीबाई कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाशी जोडता येतो काय, हे त्यांनी तपासावयाचे होते. तसा संबंध असावा अशी मार्गदर्शकांची धारणा होती. बाईंनी कवट्या मोजल्या, मोजमापांतून तो संबंध निघेना. आणि जे निघाले तेच त्यांनी प्रबंधात लिहिले. परक्या देशात, परक्या भाषेत, एकट्या तरुण स्त्रीने दाखविलेली ही निष्ठा प्रत्येक विद्यार्थ्याने मनात जपावी. मार्गदर्शकाचा आदर अवश्य करावा, परंतु पुराव्याचा आदर त्याहून अधिक करावा. आणि मतभेद मांडताना आवाज न चढविता कागद पुढे ठेवावा.

आता वेळेचा हिशेब. त्याच विनियमांनुसार प्रवेशापासून कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांची मुदत आहे. त्यानंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. स्त्रियांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. स्त्री-विद्यार्थ्यांना प्रसूती वा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. ही तरतूद कित्येकींना ठाऊक नसते आणि त्या मधूनच अभ्यास सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगतो. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिला सोपस्कार न मानता स्वतःच्या कामाची तपासणी मानावी.

नोकरी करून अंशकालीन पीएच.डी. करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. कार्यालयाचे नुसते ‘हरकत नाही’ असे पत्र पुरत नाही. उमेदवारास अंशकालीन अभ्यासाची परवानगी आहे, त्याच्या कामातून संशोधनास पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि आवश्यकता पडल्यास अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी त्याला कामातून मोकळे केले जाईल, हे तिन्ही मुद्दे त्यात असावे लागतात. अर्ज करतानाच ते तसे लिहून मागावे. अपुरे पत्र टेबलाटेबलावरून फिरत राहते आणि प्रवेशाची तारीख निघून जाते.

पैशाविषयी संकोच नसावा. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळालेल्यास १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ छात्रवृत्तीचे ४२,००० रुपये असा दर आयोगाने ठरविला. ज्याला ती मिळत नाही त्याने चार वर्षांचा खर्च घरी बसून मांडावा आणि वडिलांना स्पष्ट सांगावा. छात्रवृत्तीची रक्कमही कधीकधी उशिरा हाती येते. सहा महिन्यांची बेगमी असावी.

प्रत्यक्ष कामाच्या बाबतीत जाणकारांकडून ऐकलेले सार एवढेच, की प्रबंध शेवटच्या वर्षी लिहावयाचा नसतो. पहिल्या महिन्यापासून रोज पानभर लिहावे. प्रत्येक टिपणावर ग्रंथाचे नाव, आवृत्ती आणि पृष्ठांक तेव्हाच घालावा. आणि प्रती ठेवाव्यात. १९१७ साली आंबेडकर परत येत असता त्यांचा ग्रंथसंग्रह ज्या बोटीवर होता ती युद्धात बुडविली गेली. आज आपणांस तीन ठिकाणी प्रत ठेवणे क्षणाचे काम आहे. तरीही संगणक बिघडला म्हणून वर्ष गमावणारे आहेतच. प्रबंध जाडजूड असावा हाही एक भ्रम आहे. कमलाबाई सोहोनी यांना १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, तो प्रबंध अवघ्या चाळीसएक पानांचा होता असे सांगतात. नवीन काही असेल तर थोडक्यातही सांगता येते.

सचोटीविषयी मात्र निक्षून बोलले पाहिजे. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी विनियमांप्रमाणे दहा टक्क्यांहून अधिक साम्य आढळले की कारवाई सुरू होते. साठ टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणीच रद्द होते. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे, शुल्क घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके, आणि आता मागाल ते लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने, अशा तिन्ही वाटा सोप्या दिसतात. ही साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे हवाले देतात. स्वतः न पाहिलेला एकही संदर्भ प्रबंधात घालू नये. नियतकालिकात निबंध छापण्याची सर्वांवरील सक्ती २०२२ च्या विनियमांनी काढली आहे. तेव्हा आपल्या विद्यापीठाचा नियम पाहावा, घाईने पैसे भरू नयेत. स्वीकृत प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात जगापुढे खुला राहतो. वीस वर्षांनी तो कोणीही उघडून पाहील, हे लिहिताना विसरू नये.

प्रबंध परत आला म्हणजे सर्व संपले असेही नाही. रुपयाच्या प्रश्नावरील आंबेडकरांचा लंडनचा प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत केला होता. त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष राखले, आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळविली.

अखेरीस घरच्यांना विनंती. ‘अजून किती वर्षे?’ हा प्रश्न पाहुण्यांसमोर विचारू नका. मुलगा बोलेनासा झाला, जेवण तुटले, झोप उडाली, तर तो आळस समजू नका; वेळीच विश्वासाने विचारा आणि गरज पडल्यास डॉक्टरांकडे न्या. मुलीचे लग्न ठरविताना तिचा अपुरा प्रबंध हीदेखील बोलणीतील एक बाब माना आणि सासरच्यांकडून स्पष्ट शब्द घ्या. आणि एखाद्याने पूर्ण विचारान्ती ही वाट सोडली, तर त्याला पराभूत म्हणू नका. तीन वर्षांत आलेली वाचनाची आणि विचाराची शिस्त कोठे वाया जात नाही.

मंडळालाही एक सूचना. आपल्या ग्रंथालयाची खोली दुपारी रिकामी असते. ती या मुलांना बसावयास द्यावी, आणि आपल्यापैकी जे पीएच.डी. झालेले आहेत त्यांनी महिन्यातून एक रविवार त्यांच्यासाठी राखावा. घरापासून दूर राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना आधार द्यावा, याचसाठी पन्नास वर्षांपूर्वी ही संस्था उभी राहिली.