सायकलीने पवनीस

(उमरेड येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



हल्ली आपल्या समाजातील काही तरुण नोकरीनिमित्त परदेशी असतात. तेथील लोक सुटीत सायकलीवरून प्रवास करतात आणि वाटेवर एखादे प्राचीन नगर गाठून तेथे मुक्काम करतात, हे त्यांच्याकडूनच आम्हांस कळले. रोमजवळचा आपियन मार्ग इसवी सनापूर्वी 312 मध्ये बांधावयास घेतला गेला. त्या दगडी रस्त्यावरून आज सायकली धावतात. हे ऐकून आपली मुले हरखून जातात. परंतु उमरेडहून 40-45 किलोमीटरांवर असलेल्या पवनीस किती जण सायकलीने गेले आहेत, असे विचारले की सभा शांत होते. आताही झालीच आहे!

पवनी आपणांस परकी नव्हे. आपल्या कोष्टी समाजात उमरेड आणि पवनी यांची सोयरीक जुनी आहे. रेशीमकाठी कापडासाठी दोन्ही गावे एके काळी नावाजलेली होती. ह्या मंडपातील कित्येकांच्या आजीचे माहेर पवनीचे असेल. आपण तेथे जातो ते लग्नास आणि तेराव्यास, मोटारीत दाटीवाटीने बसून. जेवतो आणि दिवेलागणीच्या आत परततो. गावालगतची टेकडी ही टेकडी नसून स्तूप आहे, हे त्या घाईत कोण सांगणार?

सन 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून पवनीस उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि श्री. जगत्पती जोशी यांनी त्याचा वृत्तांत 1972 साली ग्रंथरूपाने दिला. जगन्नाथ टेकडीखाली जो स्तूप निघाला, तो व्यासाने सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही मोठा भरतो. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. मुचलिंद नागाचे शिल्प सापडले, तेही नावासकट. रोमचे विख्यात कोलोसियम इसवी सन 80 मध्ये पुरे झाले. आपला हा कठडा त्याआधीचा आहे. महाक्षत्रप रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ आणि भार राजा भगदत्त याचा शिलालेख हेही पवनीचेच. गावाभोवती तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, आणि चौथ्या बाजूस वैनगंगा. एवढे सारे आपल्या सोयऱ्यांच्या अंगणात आहे.

मग सायकलच कशाला, असे काही वडीलधाऱ्यांनी विचारले. प्राचीन नगर कोठेही उगाच वसत नाही. मोटारीत बसणाऱ्यास अंतर कळते, जमीन कळत नाही. सायकलीवर चढ पायांस कळतो, उतार वाऱ्याने कळतो. शेतातली माती कोठे काळी होते आणि धान कोठे सुरू होते, हे डोळ्यांखालून जाते. माघात निघाल्यास भिवापूरच्या आसपास मिरची वाळत घातलेली दिसते. त्या तांबड्या सड्याजवळून जाताना शिंका येतात, हाही एक अनुभवच. असे करीत चार तासांनी तट दिसला की नदीकाठची ही जागा व्यापारी, विणकर आणि भिक्षू यांनी का निवडली असावी, ते निराळे सांगावे लागत नाही.

शाळेत असताना आम्ही वरच्या वर्गातील मुलांस घेऊन दोनदा असे गेलो. पहिल्या खेपेस त्याच दिवशी टेकडी दाखविली. मुले भुकेली होती, एकाने विचारले, "गुरुजी, हे अजून किती आहे?" दुसऱ्या खेपेस पहिला दिवस केवळ जेवण आणि झोप यांस दिला, सकाळी पायी फिरलो, आणि त्याच वयाच्या मुलांनी प्रश्न विचारून आम्हांस भंडावून सोडले. म्हणून आमचा आग्रह असा की एक दिवस जाण्याचा, एक पूर्ण दिवस गावाचा आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत. सायकलीचा शीण आणि इतिहास ह्यांची एकाच दुपारी गाठ घालू नये.

लांबच्या प्रवासाचे भय बाळगणाऱ्यांस एवढेच सांगतो की, 1923 साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीने जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे इराण, इराक, इटली करीत सुमारे 71,000 किलोमीटर फिरून 1928 मध्ये घरी परतले. आपणांस तर पवनीसच जावयाचे आहे.

भय अगदीच निराधार आहे, असेही नाही. रस्त्यावर ट्रक भरधाव असतात. जवळच 2012 साली घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे आणि त्यात वाघ आहेत. तेव्हा अंधारात कोणीही रस्त्यावर असता कामा नये. पवनीच्या वरच्या अंगास गोसीखुर्दचे धरण आहे, त्यातून पाणी सोडले जाते. स्नान घाटावरच करावे, पात्रात उतरू नये. मुलींस नेऊ नये असे एका गृहस्थांनी सुचविले. त्याच मुली रोज सायकलीने शाळेत जातात, हे त्यांच्या ध्यानात कसे आले नाही, कोण जाणे. मुली येतील, आणि त्यांच्यासोबत दोन शिक्षिका असतील.

पवनीच्या सोयऱ्यांनी मुक्कामास जागा आणि दोन वेळचे पिठले-भात देण्याचे कबूल केले आहे. ज्यांच्या घरी सायकल गंजत पडली आहे त्यांनी ती दुरुस्त करून द्यावी. पंक्चरचे सामान आणि पंप आम्ही आणू. नावे मंडपाच्या दारापाशी लिहून घेतली जात आहेत.