जुनी भट्टी, कोणाच्या छातीवर?
(कारंजा लाड येथील कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आवा सोडून कुंभाराने स्वस्तात मिळणारी जुनी भट्टी घ्यावी, हा हिशेब वरकरणी बरोबर दिसतो. परंतु तिच्या दाराच्या दोरीत वा पत्र्यामागील करड्या पुठ्ठ्यात अ‍ॅसबेस्टॉस असेल, तर उरलेली किंमत फुप्फुस फेडते. तीही बहुधा २० ते ४० वर्षांनी. नुसत्या डोळ्यांनी त्याची खात्री होत नाही. ती प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच होते. तोवर भट्टी फोडू नये, खरवडू नये, कोरडी झाडू नये.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि अ‍ॅसबेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवण्यास सांगितले. पण ज्याचा कारखाना म्हणजे घराची पडवी, जो स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर, त्याची नोंद कोण ठेवणार? अर्थशास्त्र ज्याला सामाजिक खर्च म्हणते, तो येथे एकट्याच्या छातीवर लादला जातो.

म्हणून विकणाऱ्याकडून भट्टीतील अस्तराची लेखी माहिती मागा. एकट्याला न परवडणारी तपासणी सहकारी संस्थेला परवडते; ती संस्था उभी करणे हे आपले काम आहे.