समुद्रात सोडलेल्या लॉब्स्टरांचा जमाखर्च



समुद्रातील एखाद्या मौल्यवान जातीचे उत्पन्न घटू लागले, म्हणजे तिची अंडी उबवून, पिल्ले पोसून ती पुन्हा समुद्राच्या स्वाधीन करावीत, ही योजना इतकी सरळ आणि पुण्यप्रद वाटते की तिच्या खर्चास मंजुरी देताना कोणत्याही सरकारला फारसा संकोच वाटत नाही. कॅनडाच्या सरकारने १८९१ साली नोव्हा स्कोशिया प्रांतात बे व्ह्यू येथे लॉब्स्टरचे उबवणी केंद्र काढले, पाहता पाहता त्याच धर्तीची आणखी केंद्रे निघाली, प्रतिवर्षी अगणित अर्भके लाटांवर सोडल्याच्या नोंदी दप्तरी होत राहिल्या. आणि १९१७ साली, या उपद्व्यापाने समुद्रातील एकही लॉब्स्टर वाढल्याचा पुरावा हाती नसल्यामुळे, ती सारी केंद्रे बंद करण्यात आली. सोडलेल्यांची संख्या लिहिली जात होती, परत आलेल्यांची मात्र कोणी मोजली नव्हती.

ती मोजणे सोपेही नव्हते, हे या प्राण्याच्या जीवनक्रमावरून कळते. आपल्याकडील शेवंडीस नांग्या नसतात; उत्तर अटलांटिकचा लॉब्स्टर हा दोन भल्या मोठ्या नांग्यांचा प्राणी आहे. त्याची मादी आपली हजारो अंडी पोटाखाली चिकटवून जवळजवळ वर्षभर वागवते. अंड्यातून निघालेली अर्भके काही आठवडे पृष्ठभागाजवळ तरंगत राहतात, तीन वेळा कात टाकतात आणि चौथ्या अवस्थेत तळाचा आश्रय शोधतात. जी अपार हानी होते ती बव्हंशी या तरंगण्याच्या काळात होते. तेव्हा हा काळ टाकीत काढून पिल्लू तळाशी राहण्याजोगे झाल्यावरच सोडावे, हे तर्कशुद्ध होय. परंतु येथेच खर्चाचे मूळ आहे, कारण हा प्राणी स्वजातीयांस खातो, आणि म्हणून प्रत्येक पिल्लास स्वतंत्र खण, स्वतंत्र खाद्य आणि मनुष्याच्या हाताची स्वतंत्र निगा द्यावी लागते.

ब्रिटनमध्ये १९८०नंतरच्या दशकात यॉर्कशायरच्या ब्रिडलिंग्टन उपसागरात, वेल्सच्या किनाऱ्यावर आणि ऑर्कनी बेटांत जे प्रयोग झाले, त्यांचे मोल असे की त्यांनी परतीची मोजदाद प्रथमच नेटाने केली. सुमारे एक मिलिमीटर लांबीची, खुणा कोरलेली धातूची तार प्रत्येक पिल्लाच्या शरीरात बसवून ती हजारो पिल्ले समुद्रतळाशी सोडण्यात आली, आणि कोळ्यांनी बंदरात आणलेला माल पुढे अनेक वर्षे चुंबकीय यंत्राने तपासण्यात आला. चार-पाच वर्षांनी खुणेचे लॉब्स्टर पिंजऱ्यांत येऊ लागले, तेव्हा टाकीत वाढलेले पिल्लू समुद्रात जगते आणि विक्रीयोग्य होते, एवढे तरी निर्विवाद ठरले.

आता केवळ उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, एक पिल्लू वाढवून सोडण्यास शंभर रुपये लागले आणि शंभरांपैकी सहा पुढे पिंजऱ्यात सापडली. म्हणजे दहा हजार रुपये खर्चून सहा लॉब्स्टर मिळाले आणि प्रत्येकाच्या अंगावर सुमारे सोळाशे सदुसष्ट रुपये चढले. पण हा पैसा सहा वर्षे पाण्यात अडकून पडला आहे. शेकडा सहा दराने चक्रवाढ व्याज धरले, तर ती रक्कम तेवीसशे साठांच्या पुढे जाते, आणि होडी, इंधन, आमिष व मजुरी यांचा खर्च अद्याप त्यात धरलेलाच नाही. हीच परत शेकडा दहा झाली, तर व्याजासह भार चौदाशे अठरावर उतरतो. शास्त्रज्ञ जिला जगण्याचे प्रमाण म्हणतात त्या एका आकड्यावर सबंध ताळेबंद कसा झुकतो, हे यावरून ध्यानात यावे.

शंभरांत सहा परतीचा आकडा मी मनाने घेतलेला नाही. नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर क्विट्सॉय नावाचा लहानसा द्वीपसमूह आहे. १९३०च्या सुमारास ज्या देशात वर्षाकाठी हजार टनांहून अधिक लॉब्स्टर धरले जात, तेथील उत्पन्न पुढील अर्धशतकात त्याच्या अल्पांशावर आले, तेव्हा १९९० ते १९९४ या काळात या बेटांभोवती सव्वा लाखाहून अधिक पिल्ले सोडण्यात आली, आणि त्यांपैकी शेकडा सहाच्या आसपास पुढे सापडली. येथे निसर्गाने एक विलक्षण सोय केली होती: लहानपणी फोडण्या-चिरडण्याजोगे काही न मिळालेल्या लॉब्स्टरला चिरडणारी जाड नांगी फुटतच नाही, त्याच्या दोन्ही नांग्या कातरणाऱ्याच होतात, आणि त्यामुळे टाकीत वाढलेले बरेच प्राणी नुसत्या पाहण्यानेच ओळखू येत. काही वर्षांतच तेथील एकूण पकडीत अर्ध्याहून अधिक प्राणी असे टाकीतले भरू लागले. हे यश खरेच, परंतु त्याचे एक कारण हेही आहे की मूळचा रानटी साठा जवळजवळ संपला होता. जेथे खडकातील बिळे आधीच भरलेली आहेत, तेथे नवागत वाढतात की जुन्यांस हुसकावून त्यांची जागा घेतात, हा प्रश्न उरतोच, आणि दुसऱ्या प्रकारात वाढ कागदावरच राहते.

माझ्या मते यापेक्षाही निर्णायक प्रश्न मालकीचा आहे. पिल्ले सोडणारा एक, खर्च सोसणारा दुसरा आणि पिंजरा टाकून नफा उचलणारा तिसरा, अशी व्यवस्था असेल तर पदरचे पैसे कोण घालील? स्कॉट गॉर्डन या कॅनडियन अर्थशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की जे मत्स्यक्षेत्र सर्वांस खुले असते, तेथील नफा पाहून नव्या होड्या येत राहतात आणि त्या नफ्याचा अंश न अंश खर्चात विरून जाईतो थांबत नाहीत. सरकारी तिजोरीतून पिल्ले सोडली तरी न्याय हाच. चार वर्षे पीक बरे येते, पिंजरे वाढतात, आणि अखेर प्रत्येक कोळ्याच्या पदरात पूर्वीइतकेच पडते. नॉर्वेने हे ओळखून इसवी सन २००० मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि परवानाधारकास ठरावीक क्षेत्रात आपण सोडलेला माल धरण्याचा अनन्य हक्क दिला. हक्काच्या या सनदेशिवाय उबवणी केंद्र म्हणजे, स्पष्टच बोलायचे तर, धर्मादाय खाते.

आणि धर्मादायच करावयाचा तर स्वस्त मार्ग उपलब्ध आहेत. अमेरिकेतील मेन राज्यात अंडी असलेली मादी सापडल्यास कोळी तिच्या शेपटीच्या पात्याला एक खाच पाडतो आणि तिला सोडून देतो. ती खाच दिसेतो तिला पुढे कोणीही विकू शकत नाही, आणि फार मोठे प्राणीही तेथे परत पाण्यात सोडावे लागतात. नॉर्वेतच, फ्लोडेव्हिगेनजवळ, २००६ साली एका लहान क्षेत्रात पिंजरे टाकण्यास मनाई झाली, आणि चार वर्षांत तेथील चाचणी-पिंजऱ्यांत येणारे लॉब्स्टर तिपटीहून अधिक झाले. या उपायांना खण नको, खाद्य नको. खर्च पडतो तो सोडून दिलेल्या पकडीचा आणि देखरेखीचा, आणि मादीच्या पोटाखालील अंडी व्याजाविना वाढतात.

आपल्या किनाऱ्यापुरते एवढेच सांगतो, की उत्तर युरोपची ही उबवणी जशीच्या तशी येथे आणण्याची तजवीज करणे व्यर्थ आहे. आपल्या काटेरी शेवंडीचे काचेच्या पानासारखे चपटे अर्भक काही आठवडे नव्हे, कित्येक महिने खोल समुद्रात वाहत राहते, आणि इतका काळ त्याला टाकीत जगवणे लॉब्स्टर वाढवण्याहून कितीतरी अवघड आहे. मुंबईसमोरील चपटी, बिननांगीची शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांनी अंडी असलेल्या माद्यांसकट उपसून काढली आणि १९९०नंतरच्या दशकात तिची मासेमारी जवळजवळ संपुष्टात आली. पुढे २००३ साली केंद्र सरकारने शेवंडीच्या निर्यातीस जातवार किमान वजनाची अट घातली: या चपट्या जातीस दीडशे ग्रॅम, तर मुंबईकडे आढळणाऱ्या काटेरी जातीस तीनशे. ही अट निर्यातीच्या मालाला लागते. त्याहून लहान शेवंड जाळ्यात आली, तर तिला पाण्यात परत टाकण्यात कोळ्याचा तत्काळ फायदा काहीच नाही, आणि तो फायदा त्याला कशा रीतीने द्यावा, याचा हिशेब कोणतेही उबवणी केंद्र काढण्याआधी मांडावा लागेल.