मिक्सर घेण्याआधी माइक मोजा

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि महूलाच घर केलं. सिग्नलवाल्यांना महू परकं नाही, आमचं दूरसंचार अभियांत्रिकीचं लष्करी महाविद्यालय इथेच आहे. इंदूर हाकेच्या अंतरावर, आणि इंदुरात मराठी माणूस होळकरांच्या काळापासून. त्यामुळे गणेशोत्सव, नाट्यसंगीत, कोजागिरी या सगळ्यात मी आपोआप ओढला गेलो. ‘साहेब सिग्नल्सचे, त्यांना वायरींचं कळतं’ म्हणून मंडळाची ध्वनिव्यवस्था माझ्या गळ्यात पडली.

वायरींचं कळत होतं, हे खरं. पण टेलिफोन काय, आमचा वायरलेस काय, तिथे साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा मिळाला की काम भागतं. समोरच्याचा शब्द कळला, निरोप पोचला, संपलं. डग्ग्याचा घुमारा त्या पट्ट्याच्या खाली राहतो आणि टाळेची झळाळी वर. हे मला आकडे म्हणून पाठ होतं, कानाला माहीत नव्हतं.

आज बोलायचं आहे ते मिक्सरबद्दल. कार्यक्रमालाही चालेल आणि रेकॉर्डिंगलाही चालेल असा मिक्सर कसा निवडायचा. मी एकदा चुकीचा निवडला, म्हणून बोलतोय.

२०१६च्या गणेशोत्सवाआधी मंडळाने पैसे जमवले आणि मला दुकानात पाठवलं. मी विचारलं, ‘यूएसबी आहे का?’ दुकानदार म्हणाला, ‘है ना साहब, सीधा लैपटॉप में रिकॉर्डिंग.’ बारा चॅनेलचा होता. मी खूश. घेऊन आलो.

त्या वर्षी आमच्या मंडळातल्या एका काकूंचं नाट्यसंगीत ठेवलं होतं. वय ७८. चाळीस वर्षं इथल्या प्रत्येक उत्सवात गायलेल्या, पण नीट रेकॉर्डिंग एकही नाही. सगळ्यांनी मला बजावलं, या वेळी रेकॉर्ड झालंच पाहिजे. झालं. दोनशे खुर्च्यांचा हॉल, तबला जवळच वाजतोय, तो तसाच मागच्या रांगेपर्यंत पोचतोय. म्हणून मी तबल्याचे फेडर जवळजवळ खाली आणले. पेटी निम्मी. काकूंचा आवाज वयाने बारीक झालेला, तो वर उचलला, त्याला थोडा रिव्हर्ब दिला. हॉलमध्ये फार सुंदर लागलं. लोक उठून मला सांगायला आले, की आज साउंड छान.

घरी येऊन फाइल लावली. काकूंचा आवाज विहिरीत बसून गायल्यासारखा, पेटी पुसट, आणि तबला पलीकडच्या घरात वाजत असावा तसा, तोही काकूंच्या माइकमधून झिरपलेला.

मिक्सरमध्ये बिघाड नव्हता. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, यूएसबी दोन आत, दोन बाहेर. म्हणजे लॅपटॉपवर जातो तो स्पीकरला दिलेला तयार मिक्स, डावा आणि उजवा. आणि मी स्पीकरला तबला दिलाच नव्हता, कारण हॉलला त्याची गरज नव्हती. फाइलमध्ये तो येणार कुठून? दूध-साखर एकदा मिसळली की वेगळी करता येत नाही, तसं हे. पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. त्यांची मुलगी पुण्याहून आली, तिने रेकॉर्डिंग मागितलं. मी पेन ड्राइव्ह दिला. तिने ऐकलं, ‘आईचा आवाज आहे ना काका, पुरे’ असं म्हणाली. तिच्या दृष्टीने ते खरंही असेल. मला अजून ते बोचतं.

तर पहिली गोष्ट ही. हॉलसाठीचा मिक्स आणि रेकॉर्डिंगचा मिक्स ही दोन वेगळी कामं आहेत. हॉलमध्ये तुम्ही जे कमी ऐकू येतं तेवढंच वाढवता. रेकॉर्डिंगमध्ये हॉल नसतो, तिथे सगळंच द्यावं लागतं. दोन्ही एकाच मिक्सरवर करायचं असेल तर प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर उतरला पाहिजे, म्हणजे घरी बसून, शांतपणे, पुन्हा मिक्स करता येतो. दुकानात ‘यूएसबी आहे का’ विचारू नका. विचारा, ‘यूएसबीने एका वेळी किती चॅनेल वेगळे जातात?’ आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘ते फेडरच्या आधीचे जातात की नंतरचे?’ आधीचे गेले तर हॉलसाठी फेडर शून्यावर आणला तरी रेकॉर्डिंगमध्ये तबला पूर्ण येतो. काही मिक्सरवर हे आपल्याला निवडता येतं.

असे मिक्सर आता बरेच आहेत. अ‍ॅनालॉगमध्ये साउंडक्राफ्टचा सिग्नेचर १२ एमटीके यूएसबीने १४ चॅनेल आत देतो. टॅस्कॅमची मॉडेल मालिका लॅपटॉपशिवाय थेट एसडी कार्डावर वेगवेगळे ट्रॅक लिहिते. मला ही कल्पना फार आवडते, कारण कार्यक्रमाच्या मध्यावर लॅपटॉपला अपडेट आठवतं. डिजिटलमध्ये बेहरिंजरचा एक्स-३२ ३२ ट्रॅक पाठवतो. त्यांचाच एक्सआर-१८ आणि मायडासचा एमआर-१८ हे फेडर नसलेले छोटे डबे १८ पाठवतात. अ‍ॅलन अँड हीथची एसक्यू मालिका याच्या वरच्या पायरीवर. नावं सांगतोय ती दुकानात कुठे बघायचं ते कळावं म्हणून, जाहिरात म्हणून नाही.

आता मोजणी. सैन्यात कुठल्याही योजनेआधी आम्ही अप्रिसिएशन लिहितो. उद्दिष्ट काय, परिस्थिती काय, हातात काय. मिक्सर घेताना मी ते केलंच नाही, आयुष्यभर कनिष्ठांना शिकवलं तरी. एक कागद घ्या आणि तुमच्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाचे माइक लिहा. साधी गाण्याची बैठक घेऊ. गायिका एक. मागे साथीला गाणारी एक. पेटीला एक, तबल्याला एक, डग्ग्याला एक. टाळेला एक. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची एक लाइन. निवेदकाचा एक. आठ झाले. व्हायोलिन आलं की नऊ. सत्काराला पाहुणे आले की पोडियमचा दहावा. नाटक असेल तर हा कागद पुरणार नाही.

आणि आता बाराच्या आकड्याचं गौडबंगाल. मिक्सरवर लिहिलेला आकडा म्हणजे माइकची संख्या नव्हे. उदाहरणार्थ, यामाहाच्या एमजी-१२एक्सयू या मॉडेलला जास्तीत जास्त सहा माइक लागतात, एमजी-१६एक्सयूला दहा. उरलेली चॅनेल स्टिरिओ लाइनची, कीबोर्ड किंवा लॅपटॉपसाठी. कंपनी हे लपवत नाही, वेबसाइटवर तसं छापलेलं असतं. आपणच नाव वाचून पुढे जातो. तेव्हा माइक प्रीअँप किती, म्हणजे एक्सएलआरची भोकं किती, ती बोटाने मोजा आणि कागदावरच्या आकड्यापेक्षा निदान चार जास्त असू द्या.

भोकं मोजून झाली की ऑक्स मोजा. इथे बहुतेक मंडळं फसतात. ऑक्स म्हणजे स्टेजवरच्या कलाकारांना ऐकवण्यासाठी काढलेला वेगळा मिक्स. गायिकेला तानपुरा आणि पेटी हवी असते. तबलजीला गायिका हवी, स्वतःचा तबला नको. पेटीवाल्यांना ‘मला फक्त आवाज द्या, बाकी सगळं बंद’. म्हणजे तीन वेगळे ऑक्स झाले, आणि छोट्या मिक्सरवर एक किंवा दोनच असतात, त्यातला एक बऱ्याचदा इफेक्टमध्ये अडकलेला. मग एकाच मिक्सवर तिघांना ठेवायचं, आणि कार्यक्रमभर कुणीतरी एकजण तुमच्याकडे बघून वर बोट दाखवत राहतो.

शिवाय हे ऑक्स फेडरच्या आधी घेता येतात का, ते बघाच. नसतील तर काय होतं? हॉलमध्ये आवाज कमी वाटला म्हणून तुम्ही गायिकेचा फेडर वर नेता, त्याबरोबर तिच्या समोरच्या मॉनिटरमध्येही ती वाढते, तो आवाज परत तिच्या माइकमध्ये, आणि शिट्टी. लोक म्हणतात माइक खराब आहे. माइक बिचारा ठीक असतो.

अ‍ॅनालॉग की डिजिटल, यावर तरुण मंडळी तासन्तास बोलतात. मी विचारतो, चालवणार कोण? आमच्याकडे तिघं आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, एक कॉलेजची मुलगी आणि मी. अ‍ॅनालॉगवर सगळी बटणं समोर दिसतात, बँकवाल्यांना ते सोयीचं. डिजिटलवर मागच्या कार्यक्रमाची मांडणी जशीच्या तशी साठवता येते, प्रत्येक चॅनेलला स्वतःचं ईक्यू आणि कॉम्प्रेसर मिळतो, ऑक्सही भरपूर. पण फेडरच्या एका ओळीमागे चार ओळी दडलेल्या असतात, आणि घाईत आपण गायिका समजून तानपुरा वाढवतो. मुलीला पंधरा दिवसांत जमलं. बँकवाल्यांना तीन महिने लागले, पण जमलं. कारण असं, की वेगळे ट्रॅक रेकॉर्ड केलेले असले की तेच ट्रॅक परत मिक्सरमध्ये सोडता येतात, जणू कलाकार स्टेजवर बसलेत. रिकाम्या खोलीत, कुणाला न त्रास देता, सराव. मी दोघांना आधी काकूंची ती जुनी फाइल ऐकवली आणि विचारलं, तबला कुठे आहे.

डिजिटल घेणार असाल तर मिक्सरला यूपीएस लावा. वीज क्षणभर गेली तर अ‍ॅनालॉग लगेच परत बोलतो. डिजिटल आधी स्वतः चालू होतो, मग बोलतो, आणि तेवढ्या वेळात शांत हॉल फार मोठा वाटतो. टॅबलेटवरून चालणारा असेल तर आतल्या वायफायवर विसंबू नका. हॉल भरला की खिशाखिशात फोन असतात. स्वतःचा राउटर, ५ गिगाहर्ट्झवर, आणि हाताशी एक नेटवर्क केबल. दुसरा मार्ग तयार नसताना एकाच दुव्यावर मोहीम चालवू देणारा सिग्नल अधिकारी मी पाहिलेला नाही.

घरच्या स्टुडिओबद्दल थोडक्यात. तुम्ही एकटेच गाता किंवा पॉडकास्ट करता, तर मिक्सर घेऊच नका. दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस पुरतो, आणि उरलेले पैसे माइकवर आणि खोलीतल्या जाड पडद्यांवर घाला. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम हवा. छोट्या मिक्सरवर तो बहुतेक वेळा एकाच बटणाने सगळ्या चॅनेलना जातो. चांगल्या डायनॅमिक माइकला त्याने काही होत नाही, जुना रिबन माइक असेल तर मात्र आधी काढून ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर लाल दिव्यापर्यंत नेण्याचा आटापिटा नको. सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास राहू द्या, तार सप्तकासाठी जागा उरते.

आम्ही शेवटी सोळा माइक प्रीअँपचा, सहा ऑक्सचा, फेडर असलेला डिजिटल घेतला. मॉडेल सांगत नाही, कारण तुमचा कागद वेगळा असेल. खरेदीला जाताना मात्र मी या वेळी एकटा गेलो नाही. पेटीवाले आणि ती मुलगी बरोबर, पेटी गाडीत. दुकानदाराला सांगितलं, दोन माइक लावून दे, लॅपटॉप जोड, दोन मिनिटं रेकॉर्ड करू आणि फेडर खाली ओढून बघू ट्रॅक येतो का. पहिल्या दुकानाने डबा उघडायला नकार दिला, दुसऱ्याने चहासुद्धा दिला. तिथे घेतला.

आणि एक, पैसे ठरवताना केबल, स्टँड आणि मिक्सरची पेटी यांची रक्कम आधी बाजूला काढा. मी ते या वेळीही विसरलो. पहिल्या कार्यक्रमाला मिक्सर कोरा करकरीत होता आणि डग्ग्याची केबल जुनी. ती मध्यंतरात कुरकुरायला लागली, तेव्हा मुलीने निवेदकाची काढून तिथे लावली आणि निवेदकाने पुढचं निवेदन माइकशिवाय, मोठ्याने केलं.